पत्र पावले, मजकूर समजला

आमच्या गल्लीच्या समितीचे सचिव मनोहर वाकनीस यांनी एकदा मनोहर वाकनीस यांना नोटीस बजावली होती. स्कूटर गेटाच्या आत आडवी लावल्याबद्दल. नोटीस त्यांनी स्वतः टाइप केली, पाकिटात घातली आणि आपल्याच दारावरच्या पेटीत टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी उघडून, चष्मा लावून, उभ्याउभ्या वाचली. मी तेव्हा गच्चीत पापड वाळत घालत होते, त्यामुळे सगळं पाहिलं. वाचताना त्यांचा चेहरा खरोखर पडला हो! संध्याकाळी समितीकडे माफीचं पत्र आलं. समिती म्हणजे पुन्हा हेच. पत्राखाली सही आणि सहीखाली कंसात 'रहिवासी'.

मला राहवेना. कुंपणावरून विचारलं, "अहो मनोहरराव, हा काय प्रकार?"

"वहिनी, कोणत्या खात्यातून विचारताय? शेजारी म्हणून, का सभासद म्हणून?"

"भोचक बाई म्हणून विचारते."

"मग सांगायला हरकत नाही," ते गंभीरपणे म्हणाले. "माणूस एक असतो, खाती अनेक. एका खात्याचा कागद दुसऱ्यात गेला की घोटाळा झालाच समजा."

दर्पण कॉलनीत आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. मी इथल्याच एका शाळेत हिंदी शिकवते. मराठी बाई ग्वाल्हेरात हिंदी शिकवते, यात पुण्याच्या पाहुण्यांना गंमत वाटते. आम्हाला नाही वाटत. मनोहररावांचं वय पंचेचाळीसच्या पुढे, अंगानं सडसडीत, गणितात एम. एस्सी. पण पोटापाण्यासाठी घरी बसून बिल्डरांचे नकाशे काढतात. त्यांचे पणजोबा म्हणे दरबारात वाकनीस, म्हणजे नोंदी ठेवणारे कारकून होते. एकदा पणजोबांचा सख्खा धाकटा भाऊ काही अर्ज घेऊन कचेरीत आला. पणजोबांनी त्याला 'आपले नाव?' असं विचारलं. अर्ज ठेवून घेतला. रात्री दोघं एका पंगतीला जेवले, पण अर्जाबद्दल चकार शब्द नाही. तिसऱ्या दिवशी कचेरीचा शिपाई घरी येऊन भावाच्या हातात 'नामंजूर'चा कागद देऊन गेला. ही गोष्ट मनोहरराव अशा अभिमानानं सांगतात की जणू पणजोबांनी किल्ला जिंकला. त्या भावाला काय वाटलं असेल, असं मी एकदा विचारलं. त्यांना तो प्रश्नच कळला नाही.

घरात माणसं तीन. बायको स्मिता बँकेत आहे, दोन वर्षांपूर्वी तिची बदली सागरला झाली. महिन्यातून दोनदा येते, इथल्या गजकाचे, तीळगुळाच्या वड्यांचे, डबे घेऊन परत जाते. मुलगी गार्गी गेल्या वर्षी आठवीत होती, आमच्याच शाळेत. आई सागरला गेल्यापासून गार्गी घरात तिघांऐवजी एकटीच राहत असल्यासारखी गप्प झाली होती. आईशी फोनवर तासतासभर बोलायची. वडिलांशी तीन शब्द: 'हो', 'नाही' आणि 'ठीक'. भिंतीला भिंत असल्यामुळे मला हे ऐकू यायचं, म्हणजे ऐकू यायचं नाही.

शाळेत मात्र हीच पोरगी माझ्या तासाला शेवटच्या बाकावर बसून सगळ्या रांगेला बिघडवायची. तिचं हसणं ऐकण्यासारखं. आधी शिंक दाबावी तसा एक आवाज, मग दोन क्षण शांतता, आणि मग बांध फुटायचा. मी रागवायची, पण तोंड फळ्याकडे वळवून, कारण मलाही हसू यायचं.

तर गेल्या वर्षी आठवीच्या गणिताच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. त्या वर्गाच्या वर्गशिक्षिकाही त्याच. दुसरं कोणी मिळेना. प्राचार्याबाई डोक्याला हात लावून बसल्या. मी म्हटलं, आमच्या शेजारी एक गणितवाले आहेत, थोडे वेगळे आहेत. बाई म्हणाल्या, "वेगले-बिगले सब चलेगा, मिसेज दाते, बस गिनती आती हो."

मनोहररावांनी विचार करायला तीन दिवस मागितले. चौथ्या दिवशी शाळेत आले ते दोन कागद घेऊन. पहिला नोकरीचा अर्ज. दुसरा त्याच वर्गातल्या गार्गी वाकनीस या विद्यार्थिनीच्या पालकांचं पत्र, की श्री. वाकनीस यांची बदली शिक्षक म्हणून नेमणूक करण्यास आपली हरकत नाही. प्राचार्याबाईंनी दोन्ही सह्या ताडून पाहिल्या आणि माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर बघायला लागले.

गार्गीला कळलं त्या संध्याकाळी ती आमच्याकडे येऊन सोफ्यावर धपकन बसली. "मावशी, तुम्ही ही आयडिया दिली न? माझ्या तर समजमध्ये नाही येत, मी तुमचं काय बिगाडलं?"

"अगं, दोन-तीन महिन्यांचा प्रश्न आहे."

"सगळी क्लास हसेल. मी पप्पांना साफ सांगून दिलं, स्कूलमध्ये तुम्ही मला पहचानायचं नाही. बिलकुल नाही."

"मग काय म्हणाले?"

"बोलले, ठीक आहे, ही तर नियमाचीच बात आहे." तिनं नाक मुरडलं. "मला लागतं ते खूष झाले."

दुसऱ्याला हे अवघड गेलं असतं. मनोहररावांना तर आयतंच सापडलं! सकाळी मुलीचा डबा भरायचे, वेणीचा पिळा नीट बसला का बघायचे, तिला ई-रिक्षात बसवायचे आणि दहा मिनिटं थांबून मग स्कूटर काढायचे. खासगी बाजाराच्या तोंडाशी रिक्षा गर्दीत अडकली तर हेही मागं अडकून राहायचे, पण पुढं काढायचे नाहीत. वर्गात हजेरी घेताना 'गार्गी वाकनीस' म्हणायचे आणि मान वर करून खरंच बघायचे, आली आहे की नाही. तासाभरापूर्वी त्याच पोरीला त्यांनी थालीपीठ खायला घातलेलं असायचं.

घरी अडलेलं गणित घेऊन ती एकदा त्यांच्या टेबलाशी गेली. किती दिवसांनी आपणहून गेली असेल. यांनी नकाशावरून डोकं न उचलता सांगितलं, "हे तुमच्या सरांना विचारा. घरी मी फक्त पालक." हे मला स्मितानं फोनवर सांगितलं. आधी ती हसत होती. मग म्हणाली, "वहिनी, या माणसाला कोणीतरी हलवा हो."

कंपासपेटीचा किस्सा तर आमच्या शाळेत अजून सांगतात. गार्गी कंपास विसरली. सरांनी तिला नियमाप्रमाणे वर्गाबाहेर उभं केलं. मधली सुट्टी झाली तशी सर स्कूटर काढून गायब. वीस मिनिटांनी फाटकावर हजर, हातात कंपासपेटी. चौकीदार रामसेवकनं सलाम करून फाटक उघडलं, तर हे आत येईनात. म्हणाले, "आगंतुक रजिस्टर दीजिए."

"सर, आप तो अभी अंदर ही थे."

"तब शिक्षक था."

रजिस्टरात त्यांनी लिहिलं: नाव, मनोहर वाकनीस. कुणाला भेटायचं, आठवीचे वर्गशिक्षक. कारण, मुलीचा कंपास. मग पेटी ऑफिसात जमा करून बाहेर गेले, पुन्हा आत आले, आणि पुढच्या तासाच्या आधी ऑफिसातून तीच पेटी 'एका पालकांनी आणून दिली आहे' असं सांगून घेऊन गेले. रामसेवक दिवसभर ज्याला त्याला विचारत होता, "मैडम, ये सर ठीक तो हैं न?"

आम्ही स्टाफरूममध्ये पोट धरधरून हसलो. मीही हसले, सगळ्यात जास्त मीच. पण त्याच दुपारी माझ्या तासाला गार्गीकडे बघितलं आणि हसू विरलं. पोरगी शेवटच्या बाकावरून उठून दुसऱ्या बाकावर येऊन बसली होती. पुस्तकात डोकं. गणिताच्या तासाला ती दगडासारखी बसते हे मला ठाऊक होतं, आता हिंदीच्या तासालाही तेच. एवढी एकच जागा होती तिला, जिथं ती खळखळून हसायची. ती आम्ही घालवली. आम्ही म्हणजे मी. नाव मीच सुचवलं होतं. हे असंच चालू राहिलं तर या पोरीचं हसणं घरासारखं शाळेतही बंद होईल, याची मला भीती वाटायला लागली.

त्यातून ती डायरी. आमच्या शाळेत प्रत्येक मुलाला एक डायरी असते. डावीकडे शिक्षकाची सूचना, उजवीकडे पालकाची सही. मनोहरराव रोज शाळा सुटताना गार्गीची डायरी मागून घेत, निळ्या पेननं चार ओळी लिहीत आणि परत देत. रोज! बाकीच्या अडतीस मुलांच्या डायऱ्या कोऱ्या. दुसऱ्या दिवशी गार्गी ती डायरी पोस्टमनसारखी परत आणून देई. मला कळेना, ज्याला लिहायचं तोच वाचणार, तर हा माणूस लिहितो काय? पोरीच्या तक्रारी? आपल्याच कानात?

मी गार्गीला आडून विचारलं. "काय लिहितात गं सर?"

"मी नाही वाचत. डांटच असणार, आणखी काय." तिनं दप्तराचा पट्टा ओढला. "मावशी, घरी काही बोलायचं असलं तर बोलायचं न. डायरीत का?"

आता खरं सांगते, दुसऱ्याची पत्रं वाचणं वाईट, हे मी तीस वर्षं मुलांना शिकवत आले. पण पुढच्याच आठवड्यात हिंदीच्या वह्यांच्या गठ्ठ्यात ती डायरी माझ्याकडे आली. गार्गीनं चुकून टाकली असेल. स्टाफरूममध्ये कोणी नव्हतं. मी दोन मिनिटं तिच्याकडे बघत बसले. मग उघडली. उद्या या माणसाला चांगलं फैलावर घ्यायचं, तर पुरावा हवा, असं मी स्वतःला समजावलं.

डावीकडे शासकीय हिंदी, निळ्या शाईत. उजवीकडे काळ्या शाईत मराठी, वाकनिशी वळणाची.

पहिल्या दिवशी डावीकडे: 'सूचित किया जाता है कि आपकी पुत्री से आज कक्षा में भेंट हुई. स्वस्थ है. मनोहर वाकनीस (शिक्षक)'. उजवीकडे: 'पत्र पावले, मजकूर समजला. स्वस्थ आहे हे वाचून बरे वाटले. घरी विचारले असता ठीक एवढेच कळते. मनोहर वाकनीस (पालक)'.

मी खुर्ची पुढं ओढली.

'सूचित किया जाता है कि आपकी पुत्री हिंदी के कालखंड में हँसती है, ऐसा बरामदे से सुना. मेरे कालखंड में नहीं हँसती.' उजवीकडे: 'पत्र पावले. हाच अनुभव आम्हांस घरी आहे. आपण मनाला लावून घेऊ नये.'

पुढं चार-पाच दिवस नुसतं 'आज नहीं हँसी' आणि 'पत्र पावले'. मग एक दिवस अक्षर जरा घाईतलं: 'आज मेरे कालखंड में हँसी. कारण, चॉक टूटकर मेरी नाक पर लगा. मैंने ऐसा दिखाया कि सुना नहीं.' उजवीकडे: 'कळविल्याबद्दल अत्यंत आभारी आहे. कशी हसली ते सविस्तर कळवावे.' दुसऱ्या दिवशी: 'पहले छींक जैसा स्वर, फिर दो क्षण मौन, उसके बाद पूरी.' उजवीकडे एवढंच: 'लहानपणी असेच हसत असे.'

त्यानंतर आठवडाभर सरांनी वर्गात किती खडू मोडले त्याची नोंद होती. एकदाही उपयोग झाला नव्हता.

शेवटचं पान आदल्या दिवशीचं. 'मेरा अनुमान है कि मैं ही कारण हूँ. अब तो हिंदी में भी नहीं हँसती. मेरे हट जाने पर फिर हँसेगी. इस माह के अंत में कार्यमुक्त होने का आवेदन दिया है.' उजवीकडे काळी शाई: 'पालकाचेही मत तेच. आवेदन योग्यच. फक्त मग कळविणार कोण?'

डावीकडची पुढची ओळ कोरी होती.

मी डायरी मिटली आणि डोळ्यांना पदर लावला. मला फार लाज वाटली. वाचली म्हणून तर वाटलीच, पण त्याहून जास्त त्या कंपासपेटीवर इतकी हसले म्हणून. या माणसाला नोकरी नको होती. बदली शिक्षकाचं कामही नको होतं. सहा तास बाहेर असणारी आपली मुलगी कशी असते, एवढंच बघायला तो आला होता. आणि बघायला गेला तेव्हा ती तशी राहिलीच नाही. त्याला बोलता येत नव्हतं ते त्यानं दोन खात्यांमधून स्वतःला लिहिलं.

डायरी मी गार्गीच्या हातात दिली. तोंडातून एवढंच निघालं, "बेटा, ही वाचायची असते. डांट नाहीये." तिनं माझ्याकडे विचित्र नजरेनं पाहिलं आणि दप्तरात कोंबली.

महिनाअखेर आली. दुसरे एक निवृत्त सर मिळाले, वर्गशिक्षिका मला केलं. मनोहररावांनी खडूची पेटी, हजेरीपट, डस्टर, सगळं यादी करून माझ्या स्वाधीन केलं. सह्या झाल्या. तरी ते जाईनात. स्टाफरूमच्या दाराशी उभ्यानंच चष्मा पुसत राहिले.

"वहिनी," ते म्हणाले.

मी दचकले. शाळेच्या आवारात इतक्या दिवसांत 'मॅडम'शिवाय दुसरा शब्द त्यांच्या तोंडून आला नव्हता.

"एक विनंती होती. तुम्ही आता वर्गशिक्षिका. ती डायरी असते न. कधी, म्हणजे रोज नाही, कधी ती हसली वगैरे, तर दोन ओळी..."

मला त्यांची थट्टा केल्याशिवाय राहवत नाही, ती वाईट खोड आहे. मी म्हटलं, "हे कोणत्या खात्यातून म्हणताय, मनोहरराव?"

त्यांनी खरोखर विचार केला. चष्मा डोळ्यावर चढवला, काढला. शेवटी म्हणाले, "आठवत नाहीये." आणि वळून गेले. स्कूटरची किल्ली टेबलावर विसरले, ती रामसेवकनं धावत नेऊन दिली.

पुढचे आठ दिवस गार्गी हसली नाही. मी रोज वाट बघायची. नवव्या दिवशी कबिराचा दोहा समजावत असताना खिडकीतून एक माकड आत आलं, पहिल्या बाकावरचा डबा उचलला, झाकण उघडून आत बघितलं, आणि आवडलं नाही म्हणून जसाच्या तसा परत ठेवला. मागून शिंकेसारखा आवाज आला. मी खडू हातात धरून थांबले. दोन क्षण शांतता. मग सगळी शेवटची रांग कोसळली. ती पुन्हा शेवटच्या बाकावर कधी गेली ते मला कळलंच नव्हतं.

शाळा सुटताना मी तिची डायरी मागितली. शासकीय हिंदी मला चांगली येते, पण लिहिलं मराठीतच: 'आज गार्गी हसली. माकडाला डबा आवडला नाही म्हणून. नेहमीसारखीच हसली, आधी शिंक, मग पूर्ण.' खाली सही केली. मग आठवण आली आणि कंसात 'वर्गशिक्षिका' लिहिलं.

दुसऱ्या दिवशी डायरी परत आली. गार्गीनं ती टेबलावर ठेवली आणि माझ्याकडे न बघता पळाली. उजवीकडे काळ्या शाईत, ओळखीच्या वळणात होतं: 'पत्र पावले, मजकूर समजला. आपले उपकार विसरणार नाही. मनोहर वाकनीस (पालक)'.

त्याच्या खाली पेन्सिलनं आणखी काही लिहिलं होतं. अक्षर गोल, शब्दांवरच्या रेघा अर्धवट:

'पत्र पावले. मी सगळे पाने वाचले. काल जेवताना मी माकडाची नकल केली तर पप्पा पण हसले. पहिले छींक जैसा स्वर, मग पूर्ण. कारण विचारलं तर ठीक बोलले. सविस्तर परत कळवते.'

खाली सही होती, गार्गी वाकनीस. आणि सहीखाली, वाकनीसांच्या रीतीप्रमाणे, कंसात तिनं आपलं खातं घातलं होतं. 'मुलगी'.